ओढणाऱ्याचा वाटा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा आधी माणसं दिसतात, मासा दिसतो तो सगळ्यांत शेवटी. जाळ्याचं एक टोक वाळूवर ठेवून होडी समुद्रात शिरते, जाळं सोडत सोडत मोठा अर्धगोल घेते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा लागतात. टाचा वाळूत रुतवायच्या, कंबरेतून जोर लावायचा, मागे मागे सरकायचं. रांगा एकमेकींकडे येत जातात, ओरडा वाढतो आणि बऱ्याच वेळाने जाळ्याची पिशवी वाळूला लागते. तिच्यात कधी बांगड्याची रास निघते, कधी टोपलीभर पेडवे, आणि कधी नुसतं शेवाळ आणि प्लास्टिक.

त्यानंतर वाटे पडतात. रापण एका माणसाची नसते. संघातल्या घरांनी मिळून जाळं उभं केलेलं असतं, म्हणून जाळ्याचा वाटा असतो, होडीचा असतो, आणि दोराला हात लावणाऱ्याचाही असतो. म्हातारा असो, शाळा सुटल्यावर धावत आलेला पोर असो, ओढलं की वाटा.

पुढचा संवाद या वाळूवरचा आहे. एक मामा, साठी ओलांडलेला, रापण संघात ज्याचा शब्द मानतात असा. एक भाचा, पस्तिशीतला, रत्नागिरीकडच्या एका पर्ससीन बोटीत पैसे गुंतवलेला आणि हंगामात स्वतः बोटीवर जाणारा. दोघांना नावं दिलेली नाहीत, कारण ही जोडी एका घरातली नाही. आचऱ्यापासून शिरोड्यापर्यंत गाबितांच्या वस्त्यांमध्ये एकाच ताटात जेवणारी माणसं या प्रश्नावर दोन बाजूंना उभी आहेत, आणि त्यांचे मुद्दे इथे एका संध्याकाळी आणून बसवले आहेत. बोलणं अर्थात मालवणीतलं. वाचकांसाठी ते सोपं केलं आहे, एखादं वाक्य मात्र तसंच राहू दिलं आहे.

ऑक्टोबरची संध्याकाळ. सकाळची रापण जवळजवळ रिकामी आलेली. मामा फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन विणत बसले आहेत आणि भाचा बोटीवरून दोन दिवसांच्या सुट्टीवर आलेला आहे.

"अरे, दर्यो रवलो थयच," मामा मान वर न करता म्हणाले. "मासो खय गेलो ता सांग."

"माझ्या जाळ्यात गेला असं तुम्हाला म्हणायचंय."

"तुझ्या जाळ्यात गेला म्हणत नाही. तुझ्या जाळ्यातून काही मागे राहिलं का, ते विचारतोय."

मामांचा प्रश्न समजून घ्यायचा तर दोन जाळ्यांतला फरक पाहावा लागतो. रापण जागची हलत नाही. ती किनाऱ्याजवळ आलेला मासा धरते, आणि थवा आला नाही तर रापणकर घरी जातो. पर्ससीन थव्याच्या मागे जातं. बोटीवरच्या यंत्राच्या पडद्यावर पाण्याखालचा थवा दिसतो, बोट त्याच्याभोवती चक्कर मारून भिंतीसारखं जाळं सोडते, आणि खालच्या कड्यांमधून ओवलेला दोर ओढला की बटव्याची नाडी आवळावी तसं जाळं तळाशी मिटतं. तारली, बांगडा यांसारखे पृष्ठभागाजवळ थव्याने फिरणारे मासे त्यात सापडतात. काही तासांत एक बोट जितकं उचलते, तितक्यासाठी रापणीला कित्येक चांगले दिवस लागतात.

भाच्याला हे सगळं मान्य होतं. त्याचं म्हणणं वेगळं होतं. "मामा, यंत्र वाईट म्हणून तुम्ही सोडलंत का? होडीला मशीन बसवलं तेव्हा आजोबांनी आरडाओरडा केला होता. नायलॉनचं जाळं आलं तेव्हाही केला असेल. केरळात बघा. तिथे पर्ससीनला विरोध करणारे पारंपरिक मच्छीमारच होते ना? ऐंशीच्या दशकात त्यांनीच रिंग सीन घेतलं. नाव वेगळं, पण थव्याला वेढा घालून तळ आवळायची रीत तीच. गरिबाने घेतलं की परंपरा आणि मी घेतलं की दरोडा, हा कुठला न्याय?"

हा मुद्दा सहज बाजूला सारण्यासारखा नाही. किनाऱ्यावरच्या वादात "पारंपरिक" हा शब्द फार पवित्र होऊन बसतो. रापणीच्या पिशवीचा आसही, म्हणजे जाळ्याचं भोकही, बारीकच असतो, आणि त्यात पिल्लं येतात. मामा हे नाकारत नाहीत. ते फक्त प्रमाणाकडे बोट दाखवतात. "मी वर्षात जेवढी पिल्लं मारतो तेवढी तुझी बोट एका फेरीत मारते. आणि माझी खाल्ली जातात. तुझी कुटीला जातात."

कुटी हा शब्द आला की किनाऱ्यावर आवाज चढतात. बाजारात गिऱ्हाईक घेणार नाही अशी बारीक, दबलेली मासळी कारखान्यात जाते आणि सुकवून, दळून कोंबड्यांचं आणि कोळंबीचं खाद्य होते. कवडीमोल भाव मिळतो, पण कितीही माल आणला तरी घेणारा असतो. सागरी मासेमारीच्या चर्चेत या कुटीकडे म्हणावं तितकं लक्ष दिलं जात नाही. पिल्लांना भाव नसता तर ती धरण्यात डिझेल कोणी जाळलं नसतं. बारीक आसाच्या जाळ्यामागे लोभ आहे हे खरं, पण त्या लोभाला एक तयार गिऱ्हाईकही आहे.

"कर्नाटकातलं तुला ठाऊक आहे," मामा म्हणाले. "आपली रापण, गोव्यातली रांपण, त्यांची रंपणी. १९७६ च्या सुमारास तिथे पर्ससीन आलं. काही वर्षांत रंपणी संपली. माणसं दोर टाकून बोटींवर मजुरीला गेली. गोव्यात त्याच दशकात पुढारी मातान्ही साल्ढाणांबरोबर रांपणकार रस्त्यावर उतरले ते उगाच नाही."

"आणि त्यानंतर कायदे झाले," भाचा म्हणाला. "महाराष्ट्राचा १९८१ चा. काय झालं त्याने?"

मामांनी गाठ मारून दोरा तोडला. उत्तर दिलं नाही.

कायद्याची हकीकत थोडक्यात सांगायला हवी, कारण भाच्याचं पुढचं सगळं बोलणं तिच्यावर उभं आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचं पाणी राज्याच्या अखत्यारीत येतं, आणि त्यापलीकडे केंद्राचं. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीने पर्ससीनबद्दल अहवाल दिला, आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने आदेश काढला: पर्ससीन फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायची. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. रात्री समुद्रात प्रखर दिवे सोडले की दूरदूरचा मासा उजेडाकडे येतो, आणि मग वेढा घालणं फार सोपं होतं. २०२१ मध्ये राज्याचा कायदा सुधारला गेला. तहसीलदारांकडचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले, आणि एलईडीचा दंड ५ लाखांपासून, पुन्हा पुन्हा पकडल्यास २० लाखांपर्यंत गेला. जून आणि जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो, तो नियम वेगळाच.

कागदावर याहून जास्त काय हवं? तरीही मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर रात्री क्षितिजावर उजेडाच्या रांगा दिसल्याच्या तक्रारी येतच राहतात.

"मी परवाना काढला," भाचा म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात वादाचा सूर नव्हता. "३१ डिसेंबरला जाळं वर काढतो. पुढचे आठ महिने बोट बंदरात कुजते. बँकेला ते कळत नाही. माजो हप्तो कोण भरतलो? आणि ज्याने परवानाच काढला नाही तो फेब्रुवारीत माझ्यासमोरून मासळी भरून येतो. परराज्यातले मोठे ट्रॉलर येतात ते वेगळेच. मला थांबायला सांगणारे सगळे माझ्या ओळखीचे आहेत. त्याला थांबवणारा कोणी दिसत नाही. मग पुढच्या वर्षी मी कशासाठी थांबू, सांगा."

समुद्राच्या रक्षणावर जे लिहिलं जातं त्यात हा माणूस सहसा खलनायक म्हणून येतो. त्याच्या बोटीवर नेपाळहून आलेले खलाशी आहेत, त्यांना आगाऊ रक्कम दिलेली आहे, बर्फ आणि डिझेलची उधारी आहे. तो कमी कमावतो असं नाही. पण नियम पाळणाऱ्याचं नुकसान आणि मोडणाऱ्याचा फायदा ही व्यवस्था त्याने उभी केलेली नाही. ती जशी चालू आहे तशी चालू राहिली तर आणखी पाच वर्षांनी त्याच्यासारखा नियम पाळणारा एकही उरणार नाही, आणि तेव्हा त्याला एकट्याला दोष देणं खोटेपणाचं होईल.

त्याचा दुसरा मुद्दा निसर्गाचा होता, आणि तो त्याने वाचून आणला होता. केरळात २०१२ मध्ये तारलीचं उत्पादन जवळपास ४ लाख टन होतं. २०२१ मध्ये ते ३,२९७ टनांवर आलं. "एवढी सगळी बोटींनी खाल्ली? बोटी तर त्याआधीही होत्या. शास्त्रज्ञ म्हणतात, एल निनो, पाण्याचं तापमान, अन्न कमी. तारली अशी पूर्वीही गेली आहे आणि परत आली आहे."

"आली होती," मामा म्हणाले. "गेली तेव्हा दर्यात काहीतरी शिल्लक होतं म्हणून आली. वाईट वर्षात बी जपून ठेवायचं असतं. वाईट वर्षात तुझं यंत्र थांबतं का? उलट जास्त लांब जातं. उरलेला एकच थवा असेल तर तोही तुझ्या पडद्यावर दिसतो."

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांना जे सांगायला आलेख लागतात, ते इथे मोजक्या वाक्यांत आलं. तारलीसारखा मासा वर्षभरात वयात येतो, भरपूर अंडी घालतो, आणि समुद्राच्या लहरीप्रमाणे त्याची संख्या प्रचंड खालीवर होते. हे चढउतार माणसाच्या हातात नाहीत. पण उताराच्या काळात अंडी घालण्याआधीच पिल्लं उचलली तर चढ यायला जे लागतं तेच नाहीसं होतं. दोष हवामानाचा की जाळ्याचा, हा प्रश्न म्हणून अर्धवट आहे. हवामानाने मासा कमी केला असेल त्याच वर्षी जाळ्याने हात आवरायला हवा.

इतक्यात मामी आल्या. सकाळपासून बाजारात बसून परत आलेल्या, टोपली अर्धी भरलेली, म्हणजे माल विकला गेलेला नाही. त्यांनी टोपलीतून एक पापलेट काढून वाळूवर ठेवलं. तळहातापेक्षा लहान. मालवणात त्याला सरंगो म्हणतात.

"ह्यो बघ तुमचो राज्यमासो," त्या म्हणाल्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केलं. त्यामागे पालघरजवळच्या सातपाटीच्या मच्छीमारांनी लावून धरलेली मागणी होती. पापलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावानेच पापलेट कमी आणि लहान होत चाललेलं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्याच सुमारास राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, बोंबील १८० मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर तो धरायचा नाही आणि विकायचाही नाही. केरळने हे २०१५ मध्येच सुरू केलं होतं, आणि तिथे राणी माशाचं उत्पादन त्यानंतर वाढल्याचं अभ्यासात दिसलं.

"मग तुम्ही विकायला का आणलात?" भाच्याने विचारलं.

"लिलावात टोपली घेतली. वरती मोठे होते, खाली हे. टोपली परत करू? उद्या मला कोण माल देईल?" मामी खाली बसल्या. "तुम्ही दोघे दर्यात कोण कुठे गेला, किती मैलांवर गेला, यावर भांडता. मासो पाण्यात लपता. बंदरार खय लपतलो? धरलेला प्रत्येक मासा कुठल्या ना कुठल्या जेटीवर उतरतो. तिथे एक माणूस पट्टी घेऊन उभा करा."

या वादात इतक्या उशिरा बोललेल्या बाईने जे सांगितलं, त्यात सगळ्यात जास्त अर्थ आहे. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा मानला जातो, त्यात सिंधुदुर्गाचा १२१. एवढ्या पाण्यावर गस्तीच्या मोजक्या नौका कशा पुरणार? जानेवारी २०२५ पासून राज्याने ड्रोनने देखरेख सुरू केली आहे. त्याने बोट दिसेल, पण बोटीच्या पोटात काय आहे ते दिसणार नाही. मासा उतरतो त्या जागा मात्र मोजता येण्यासारख्या आहेत, आणि लिलाव उजेडात, सगळ्यांसमोर होतो. लांबीचा नियम समुद्रात कधीच राबवता येणार नाही. तो जेटीवर, बर्फाच्या गाडीजवळ आणि कुटीच्या कारखान्याच्या फाटकावर राबवता येईल. तिथे पट्टी लागली तर बारीक आसाच्या जाळ्याचा हिशोब आपोआप बिघडतो, मग ते जाळं पर्ससीनचं असो, ट्रॉलरचं असो की रापणीचं. शिवाय विकणारीला शिक्षा आणि उतरवणारा मोकळा, असं होता कामा नये. मामींना टोपलीच्या तळाशी काय आहे हे विचारण्याचा हक्क लिलावातच मिळायला हवा.

"तुमच्या रापणीलाही पट्टी लागेल," भाचा मामांना म्हणाला.

"लागू दे."

"पेडव्यांना पण?"

मामा जरा थांबले. "पेडवे लहानच असतात रे. ते शास्त्रज्ञांना सांगू दे. पण जे ठरेल ते लागू दे. फक्त सगळ्यांना एकदम लागू दे. १९८७ सारखं नको."

१९८७ म्हणजे मालवण सागरी अभयारण्य. त्या वर्षी एप्रिलमध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सुमारे २९ चौरस किलोमीटरचं पाणी संरक्षित जाहीर झालं, त्यातलं साधारण ३ चौरस किलोमीटर गाभ्याचं. तिथली प्रवाळं आणि खडकांतलं जीवन खरोखर जपण्यासारखं आहे. पण किनाऱ्यावर "अभयारण्य" हा शब्द पोहोचला तो वाघाच्या जंगलाचा अर्थ घेऊन: आता आपल्याला इथून उठवणार. विश्वासाने सांगायला आधी कोणी आलं नाही, म्हणून विरोध उभा राहिला, आणि तो अजूनही पूर्ण मावळलेला नाही. गाभ्याच्या तीन चौरस किलोमीटरांसाठी जी शंका पेरली गेली तिची किंमत पुढच्या प्रत्येक चांगल्या नियमाने मोजली.

याच किनाऱ्यावर उलट उदाहरणही आहे. जाळ्यात ऑलिव्ह रिडले कासव किंवा देवमुशी अडकली तर जाळं कापून तिला सोडायचं, आणि फोटो किंवा व्हिडिओ दाखवला की कापलेल्या जाळ्याची भरपाई, जास्तीत जास्त २५ हजार रुपये. राज्याची ही योजना २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. मच्छीमार कासवाला एरवीही देव मानतो, पण जाळं कापताना त्याच्या डोळ्यासमोर दुकानदाराची उधारी असते. भरपाई आली आणि सुरी चालवणं सोपं झालं. उत्तर कोकणातल्या डहाणूपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत मच्छीमारांनी कासवं सोडली. इथे त्यांच्याशी सरकार चोर समजून बोललं नाही, एवढाच फरक होता, आणि तो पुरेसा ठरला.

भाच्याने हे ऐकून घेतलं. "म्हणजे मी डिसेंबरनंतर थांबतो, त्याचीही भरपाई असायला हवी."

"हवी," मामा म्हणाले. एवढ्या वेळात प्रथमच ते त्याच्याशी सहमत झाले होते. "पण मासा मेला तर कोण कोणाला भरपाई देणार? आणि परवाना विकून टाकायचा झाला तर सरकारने तो विकत घ्यावा, दुसऱ्याला देऊ नये. १८२ म्हणजे १८२."

"आणि बिगरपरवान्याचा?"

"त्याची बोट ज्या बंदरात लागते ते बंदर तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे." मामींकडे पाहून ते म्हणाले, "हिला तर लिलाव करणाऱ्याचं नावही माहीत असेल."

मामींनी ते पापलेट उचलून पुन्हा टोपलीत ठेवलं. त्यांनी काही सांगितलं नाही. बंदरावर रोज माल घ्यायचा असेल तर काय बोलायचं आणि काय नाही, हे त्या तीस वर्षं शिकत आल्या आहेत. जेटीवर पट्टी घेऊन उभं राहणाऱ्या सरकारी माणसाला आधी या बायकांच्या पाठीशी उभं राहावं लागेल, नाहीतर त्याला कधीच काही कळणार नाही.

भरती चढत होती. किल्ल्याच्या तटाखाली फेस दिसत होता. भाचा उठला, कपड्यावरची वाळू झटकली आणि जरा अडखळत म्हणाला, "मामा, जानेवारीत मी इथेच आहे. रापणीला येऊ?"

मामांनी जाळ्याची घडी घातली.

"ये. सकाळी पाचला ये. पण वाटो एकच गावतलो, ओढणाऱ्याचो. जाळ्याचो नाय."

"चालेल," भाचा म्हणाला, आणि घडी घातलेल्या जाळ्याचं दुसरं टोक त्याने खांद्यावर घेतलं.